चार खोल्या, आठ ओहम

२ जानेवारी

निवृत्त होऊन दोन दिवस झाले. येताना पंपहाऊसमधली एक कोरी नोंदवही बरोबर आणली, साहेबांना विचारून. संगणक आल्यापासून ती कुणालाच नको होती. आत तीन रकाने आहेत: वेळ, दाब, शेरा. दर तासाला पाण्याचा दाब लिहायचा आणि शेऱ्यात 'चालू' असं लिहायचं, हे मी एकतीस वर्षं केलं. आता लिहायला दाब उरला नाही, पण हात शिवशिवतो. म्हणून हीच वही रोजनिशी म्हणून वापरायची ठरवली आहे.

घर फार शांत आहे. हे आजवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी मी झोपा काढायचो, एरवी कामावर. पंपहाऊसमध्ये तीन पंप एकदम घुमत असायचे आणि त्या आवाजात मी खुशाल डुलकी काढायचो. पंप थांबला की मात्र खाडकन जाग यायची. शांत झालं म्हणजे काहीतरी बिघडलं, एवढं साधं गणित होतं. आज दुपारी जेवून पडलो, डोळा लागला आणि दचकून उठलो. काय बिघडलंय ते बघत अनवाणी घरभर फिरलो. काही बिघडलं नव्हतं.

ही, म्हणजे माझी बायको, पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल मांडून प्रुफं तपासत होती. एका छापखान्याचं हे काम ती बावीस वर्षं घरून करते. बहुतेक शाळेची पुस्तकं असतात. वाचताना ओठांतल्या ओठांत पुटपुटते, तेही विरामचिन्हांसकट: "पृथ्वी स्वतःभोवती फिरते स्वल्पविराम तसेच सूर्याभोवतीही फिरते पूर्णविराम." डोळ्यांना चूक दिसली नाही तरी कानाला लागते, असं तिचं म्हणणं.

"काय शोधताय?" तिनं विचारलं.

"काही नाही."

कपाटावर जुना ॲम्प्लिफायर पडून आहे. उद्या खाली काढतो.

५ जानेवारी

ॲम्प्लिफायर उतरवताना कमरेत उसण भरली, पण मशीन ठणठणीत निघालं. लग्नानंतर दोन वर्षांनी हौसेनं घेतलेलं, वजनाला धोंडा. त्याच्यासोबतची स्पीकरची जोडी पुढच्या खोलीत दोन कोपऱ्यांत ठेवली, रेकॉर्ड-प्लेअर जोडला, बासरीची रेकॉर्ड लावली आणि जीव भांड्यात पडला. घर चालू झालं.

ही म्हणाली, "छान वाजतंय. किती वेळ ठेवणार?"

"सकाळी सात ते रात्री नऊ."

ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

८ जानेवारी

हिनं टेबल स्वयंपाकघरात नेलं. तिथे सकाळचा उजेड चांगला येतो म्हणे. बावीस वर्षांत हे आजच लक्षात आलं का, असं मी गमतीनं विचारलं. "हो, आजच," म्हणाली.

एकटीनं ओढत नेल्यामुळे फरशीवर चरे उमटलेत. मला हाक मारली असती तर उचलून दिलं असतं.

१२ जानेवारी

स्वयंपाकघरात गाणं नीट पोचत नाही. त्यात ही मधलं दारही लोटून घेते, धूर बाहेर येऊ नये म्हणून. म्हणजे बिचारी दिवसभर तिथे एकटी, कानावर काही नाही. मला वाईट वाटलं. लेक परगावी नोकरीला गेली तेव्हा तिची स्पीकरची जोडी माळ्यावर टाकली होती, ती काढली.

मशीनच्या पाठीवर छापलंय: चार ओहमच्या खाली जोडू नका. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. माझ्याकडचा प्रत्येक स्पीकर आठ ओहमचा. दोन शेजारी शेजारी जोडले की विजेला दोन वाटा मिळतात आणि अडवणूक निम्म्यावर येते, म्हणजे चार. अगदी काठावर, पण चालतं. मला हे पाण्यावरून लगेच कळतं. एका नळाऐवजी दोन सोडले की पंपाला जास्त पाणी द्यावं लागतं, आणि किती द्यायचं याला मर्यादा असते.

दुपारपर्यंत जोडून झालं. हिला म्हटलं, "घे, आता तुलाही ऐकू येईल." ती तांबडं पेन हातात तसंच धरून स्पीकरकडे बघत राहिली. खूश झाली असावी.

१६ जानेवारी

टेबल आता झोपायच्या खोलीत. स्वयंपाकघरात कागदांना पीठ लागतं म्हणे.

२१ जानेवारी

आज फजिती झाली. ती जशीच्या तशी लिहून ठेवतो.

पंपहाऊसच्या करमणूक हॉलमधल्या स्पीकरच्या दोन जोड्या मोडीत निघाल्या होत्या, त्या मागून आणल्या. त्याही आठ ओहमच्याच. पैकी एक झोपायच्या खोलीत लावली, हिच्यासाठी. मशीनच्या मागे दोनच जोड्यांची सोय असते. तिसरीच्या वायरा मी दुसरीच्याच स्क्रूंना पिळून टाकल्या. आधी हिशेब करायला हवा होता. 'आधी आकडा लिहा, मग व्हॉल्व्ह फिरवा' असं नव्या माणसांना ओरडून सांगणारा मी, आणि मीच आकडा लिहिला नाही. आठ ओहमच्या तीन वाटा शेजारी शेजारी म्हणजे आठाचा तिसरा हिस्सा. तीनसुद्धा भरत नाही.

चाळीस मिनिटं झकास वाजलं. मग मशीनच्या जाळीवर सहज हात ठेवला तर चटका बसला. जळका वास आला, आत टक झालं आणि चिडीचूप. मला दरदरून घाम फुटला. वयाच्या साठाव्या वर्षी घरात उभं राहून असा घाम फुटावा याचं मलाच नवल वाटलं.

ही झोपायच्या खोलीतून बाहेर आली. "संपलं का?"

"संपलं कसलं! जळलंय."

"अरेरे," म्हणाली, आणि न मागता चहा टाकला. सोबत बिस्किटंही दिली. तिलाही लागलं असणार. कप विसळताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती, दुःख दाखवायचं नाही म्हणून.

२२ जानेवारी

बाजारापलीकडच्या गल्लीत रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान अजून तग धरून आहे. पूर्वी तिथे बाप बसायचा, आता मुलगी चालवते. मुलगी म्हणजे पंचेचाळिशीची बाई. सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणतात आणि तीही ओ देते. तिनं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि विचारलं, "किती जोड्या लावल्या होत्या, काका?"

"तीन."

"शेजारी शेजारी?"

मी मान हलवली. शाळेत पकडल्यासारखं झालं.

"याला आपण होऊन थांबता येत नाही बघा. ओहम कमी झाले की हे जास्त जास्त ओतत राहतं, आणि शेवटी आतून जळतं. फ्यूज गेलाय, एक ट्रान्झिस्टरही गेलाय. पाच-सहा दिवस लागतील."

मग तिनं एक पेटी दाखवली. मशीनची वायर त्या पेटीत जाते आणि पेटीतून खोल्यांना फाटे फुटतात. प्रत्येक खोलीला वेगळं बटण असतं. किती खोल्या चालू, किती बंद, काहीही करा, मशीनवर भार जास्त येत नाही. "खोलीखोलीत आवाज कमी-जास्त करता येतो, अगदी बंदसुद्धा," ती म्हणाली.

"बंद कशाला करायचा?"

"घरात माणसं असतात ना, काका."

विकणाऱ्यानं असं बोलायचंच असतं. मला पेटीची गरज नाही. मालिकेत जोडणी कशी करायची ते मला ठाऊक आहे, म्हणजे एकामागे एक. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "तशी करा, मशीनला धोका नाही. पण मालिकेत एक तुटला की त्याच्यासोबतचाही मुका होतो, एवढं लक्षात ठेवा."

२६ जानेवारी

मशीन अजून दुकानात. पाच दिवस घर मुकं आहे. हिनं या पाच दिवसांत प्रुफांचे दोन गठ्ठे हातावेगळे केले आणि टेबल परत खिडकीशी आणलं. चेहऱ्यावर तकाकी आली आहे. हवापालटाचा परिणाम असेल.

मला मात्र घरात बसवेना. चालत चालत पंपहाऊसपर्यंत गेलो. फाटकावरचा माणूस नवा, त्यानं ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही. मागच्या बाजूला जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. तिन्ही पंप चालू होते. दोन नंबरचा जरा खरखरतो, बेअरिंग बघायला हवं. अर्धा तास उभा होतो. हे कुणाला सांगितलेलं नाही.

२९ जानेवारी

आज चारही खोल्यांत आवाज! इतकं नेटकं काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

पुढच्या खोलीचा स्पीकर आणि स्वयंपाकघराचा स्पीकर एकामागे एक जोडले. वीज आधी माझ्याकडून जाते, मग स्वयंपाकघरातून, मग परत मशीनमध्ये. आठ आणि आठ सोळा. तसंच झोपायची खोली आणि मागची गॅलरी, तेही सोळा. हे दोन सोळा शेजारी शेजारी, म्हणजे आठ. डाव्या बाजूला तसंच, उजव्या बाजूला तसंच. मशीन दिवसभर वाजलं तरी जेमतेम कोमट.

टेबल पुन्हा हललंय, ते गॅलरीत गेलंय. योगायोग बघा, आता गॅलरीतही स्पीकर आहेच.

हिला घरभर फिरवून दाखवलं आणि बजावलं, "एकाही वायरीला हात लावायचा नाही. एक सुटली की तिच्यासोबतची खोली बंद पडते."

"आणि मला नको असेल तेव्हा?"

"नको का असेल?"

ती कपडे काढायला गेली. दोरीवरचे कपडे अजून ओले होते, तरी काढले.

३ फेब्रुवारी

झोपायच्या खोलीतल्या दोन्ही स्पीकरना हिनं रजई गुंडाळलेली सापडली. एकेकाला एक रजई, वर दोरी. धुळीपासून जपते. मी समजावलं की कापडानं वरचे सूर दबतात, आणि रजया काढून घडी करून ठेवल्या. "बरं," म्हणाली.

६ फेब्रुवारी

सकाळी दहाला पुढची खोली एकाएकी मुकी झाली. गॅलरीत चालू, झोपायच्या खोलीत चालू. म्हणजे बिघाड पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मालिकेत. मीटर घेऊन वायरीच्या मागे मागे गेलो. स्वयंपाकघरात फळीच्या मागे दोन्ही स्पीकरच्या वायरा सुटलेल्या होत्या. आधी वाटलं उंदीर. पण उंदीर स्क्रू सैल करत नाही, आणि तारांच्या टोकांना चिकटपट्टीही गुंडाळत नाही. तेव्हा हिचाच हात लागला असणार, झाडलोट करताना. आणि मूळची टापटिपीची, म्हणून टोकं उघडी ठेवली नाहीत.

वायरा परत जोडल्या आणि वरून लाकडी पट्टी ठोकली, सहा स्क्रूंची. आता चुकूनही हात लागणार नाही. ही दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, "झालं, तुझी काळजी मिटली."

९ फेब्रुवारी

छापखान्यातून एक फॉर्म परत आला. फॉर्म म्हणजे पुस्तकाची सोळा पानं, एकत्र छापतात ती. तिसऱ्या पानावर एक अख्खी ओळ गळलेली, आणि ती हिच्या नजरेतून सुटली. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सोबत चिठ्ठी: 'असे पुन्हा झाल्यास काम दुसरीकडे द्यावे लागेल.'

मी धीर दिला. म्हटलं, "वय होतं माणसाचं. आता कमी कर काम, आराम कर, गाणी ऐक."

तिनं मोरीत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली.

१२ फेब्रुवारी

ही तिच्या ताईकडे गेली. ताईचा गुडघा धरलाय, चार दिवस मदतीला जाते म्हणाली.

"चार म्हणजे चारच ना?"

"बघते."

बॅगेत दोन साड्या आणि दोन जाडजूड शब्दकोश. प्रुफांचा नवा गठ्ठाही घेतला. गुडघा दुखणाऱ्या माणसाकडे शब्दकोश कशाला, असं मी विचारलं. "वाचायला," म्हणाली. रिक्षात बसताना मागे वळून घराकडे बघितलं. माझ्याकडे नाही, घराकडे.

१५ फेब्रुवारी

चारही खोल्या चालू. मशीन कोमट. खोलीखोलीतून फिरून आलो, सगळीकडे सारखा आवाज. कुठेच काही बिघडलेलं नाही. तरी एका जागी बसवत नाही.

१७ फेब्रुवारी

चार दिवस कालच संपले. लेकीला फोन केला. म्हटलं, "मावशीचा गुडघा फारच दिसतोय."

"मावशीचा गुडघा? बाबा, मावशी रोज टेकडी चढते. परवा मला तिकडून फोटो पाठवला तिनं."

"मग तुझी आई..."

"आईला तुम्ही कधी विचारलंत का, तिला दिवसभर गाणी हवी आहेत का?"

"विचारायचं काय त्यात? मी तिच्याचसाठी तर खोलीखोलीत..."

"ती येते का परत, मला माहीत नाही, बाबा. छापखान्याचं काम तिकडूनच करेन म्हणत होती." मग म्हणाली, "ती माझ्याशी कुजबुजत बोलत होती. मी म्हटलं, मोठ्यानं बोल ना. तर म्हणाली, 'थांब गं, किती दिवसांनी कुजबुजलेलं ऐकू येतंय.'"

फोन ठेवला. लेक आईचीच बाजू घेणार. पण ती टेकडी डोक्यातून जाईना.

१८ फेब्रुवारी

परत आलेला फॉर्म हिनं इथेच टाकला होता. एक ओळ नजरेतून सुटणं कुणाच्याही हातून होतं हे स्वतःला पटवायचं म्हणून मी तो घेऊन बसलो. कुठली ओळ ते कुणी खूण करून ठेवलं नव्हतं, नुसता पानाचा आकडा होता. गॅलरीत टेबलाशी बसलो, जिथे ती बसायची. डोक्यावर उजवा स्पीकर. तिसरं पान वाचलं. सगळं बरोबर वाटलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की मी पान वाचतच नाही, सतारीच्या मागे चाललोय.

झोपायच्या खोलीत गेलो. तिथेही तेच. स्वयंपाकघरात गेलो. तिथेही तेच. घरात अशी जागाच नव्हती. ती मीच ठेवली नव्हती.

मग मशीनपाशी गेलो. स्विचवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, खोटं कशाला लिहू. बंद केलं. काही वेळ नुसता उभा राहिलो, कान टवकारून, कुठला पंप थांबला ते शोधत. मग बसलो आणि हिच्यासारखं पुटपुटत वाचायला लागलो. "नदी डोंगरातून उतरते स्वल्पविराम मैदानात येते स्वल्पविराम आणि शेवटी पेरणी करतात पूर्णविराम." थांबलो. नदी पेरणी कशी करेल? 'शेवटी'च्या पुढची ओळ गळली होती. डोळ्यांनी तीनदा वाचून दिसली नव्हती, कानाला पहिल्या फटक्यात लागली.

मग घर बघत निघालो. पुढच्या खोलीच्या खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर टेबलाचे चरे. तिथून झोपायच्या खोलीपर्यंत. तिथून खिडकीपर्यंत परत, आणि तिथून गॅलरीपर्यंत. प्रत्येक खोलीत मी तिच्या मागून दोन स्पीकर घेऊन गेलो होतो. गॅलरीपुढे घर संपतं. त्यापुढे तिच्या ताईचं घर.

कपाटात दोन रजया, घडी मीच घातलेली. स्वयंपाकघरात लाकडी पट्टी, सहा स्क्रू मीच मारलेले, तिच्या डोळ्यांदेखत. एकतीस वर्षं जमिनीखालची गळती नुसत्या आवाजावरून शोधून काढणारा माणूस मी. मला लाज वाटली. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिलो आणि डोळ्यांत पाणी आलं ते पुसलंही नाही, बघायला कोण होतं.

१९ फेब्रुवारी

दुकान उघडायच्या आधी पायरीवर हजर. मिस्त्रीणबाई कुलूप काढत म्हणाली, "पुन्हा जाळलं का काय?"

"नाही. ती पेटी द्या. बंद करायची सोय असलेली."

"आता कशाला बंद करायचं, काका?" चेहरा अगदी साळसूद ठेवून तिनं विचारलं.

"घरात माणसं असतात," मी म्हटलं.

तिनं पेटी आणि खोल्यांसाठी चार बटणं काउंटरवर मांडली. बटणावर शून्य ते दहा आकडे. आत बारीक तारेचं वेटोळं असतं, त्यामुळे एका खोलीनं आवाज कमी केला तरी दुसरीला पत्ता लागत नाही आणि मशीनलाही फरक पडत नाही. पेटी कशी लावायची, कुठली खिट्टी कुठे सरकवायची, सगळं समजावून सांगितलं. या वेळी मी आकडे लिहून घेतले.

मी विचारलं, "शून्य म्हणजे पूर्ण शून्य ना?"

"लावून बघा की."

२१ फेब्रुवारी

दोन दिवस काम चाललं. मालिका तोडल्या, प्रत्येक खोलीची वायर वेगळी पेटीपर्यंत आणली. लाकडी पट्टी काढली. सहा स्क्रूंची सहा भोकं राहिली, ती भरायला हवीत.

स्वयंपाकघरातलं बटण कुठे लावायचं याचा विचार करत होतो. मग दिव्याच्या स्विचशेजारी भिंतीवर तिच्या बोटांचा पुसट डाग दिसला, वर्षानुवर्षांचा. त्याच उंचीवर लावलं.

संध्याकाळी फोन केला. ताईंनी उचलला आणि माझा आवाज ऐकून सरळ हिच्याकडे दिला.

"गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

"बरा आहे."

"मी फॉर्म वाचला. ती ओळ तू सोडली नाहीस, मी सोडायला लावली. चुकलं माझं." हे वाक्य मी आधी कागदावर लिहून घेतलं होतं.

"अहो..."

"ऐक. प्रत्येक खोलीत बटण लावलंय. तुझ्या हाताच्या उंचीवर. शून्यावर नेलंस की त्या खोलीत बंद. बाकी कशाला काही होत नाही. मशीनला नाही, मलाही नाही."

"शून्य म्हणजे खरंच शून्य?"

"मीटर लावून बघितलंय."

"मीटर नको. कान लावून बघा."

फोन तसाच धरून स्वयंपाकघरात गेलो आणि स्पीकरला कान लावला. "काही येत नाही," मी म्हटलं.

"बघते," म्हणाली. पण हे 'बघते' गेल्या वेळच्यासारखं नव्हतं. की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

२५ फेब्रुवारी

हिनं काही कळवलेलं नाही. स्क्रूंची भोकं भरली. पंपहाऊसला फोन करून दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग बघायला सांगितलं. तिकडचा म्हणाला, तुम्हाला कसं कळलं? म्हटलं, ऐकू आलं.

२७ फेब्रुवारी

दुपारी रिक्षा थांबली. मी दारात गेलो, बॅग घेतली. शब्दकोश आत आहेत हे वजनावरून कळलं.

ही आधी पाणी प्यायली, मग घरभर फिरली. मी मागे मागे. झोपायची खोली, शून्य. गॅलरी, शून्य. स्वयंपाकघर, शून्य. प्रत्येक ठिकाणी बटण फिरवून थांबायची, मान तिरकी करून ऐकायची, मग पुढे जायची. आमचे साहेब तपासणीला यायचे तेव्हाही मी इतका घाबरलो नसेन. पुढच्या खोलीतलं माझं बटण चारवर होतं. त्याच्याकडे बघितलं आणि हात लावला नाही.

"टेबल कुठे ठेवू?" मी विचारलं.

"स्वयंपाकघरात. उजेड खरंच चांगला येतो तिथे." आणि मग हसली. या वेळी कशाला हसली ते कळलं.

दोघांनी मिळून उचलून नेलं.

१ मार्च

सकाळी रेकॉर्ड लावली, एक बाजू संपली, पण दुसरी लावली नाही. मशीन बंद करून खुर्चीत बसलो. पाय हलायला लागला. हलू दिला. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून बारीक आवाज यायला लागला, आधी शब्द कळेनात, मग कळायला लागले. "पाण्याची वाफ होते स्वल्पविराम वाफेचे ढग होतात पूर्णविराम." बावीस वर्षं हे माझ्या घरात रोज चालू होतं आणि मी तिकडे पंपहाऊसमध्ये पंप ऐकत बसलो होतो.

पुटपुटणं मध्येच थांबलं. "अहो, बंद पडलं का?"

"नाही. मीच केलंय बंद."

"बरं," म्हणाली, आणि पुन्हा सुरू झाली. मला तिथेच, खुर्चीत, डोळा लागला. दचकून जाग आली नाही.

वेळ: साडेअकरा. शेरा: चालू.

४ मार्च

संध्याकाळी सहाला बासरीची रेकॉर्ड लावली, अगदी हळू. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. हिचं आजचं काम आटपलं होतं. गठ्ठा बांधलेला, तांबड्या पेनाला टोपण लावलेलं. ती पाठमोरी कणीक मळत होती.

भिंतीवरचं बटण दोनवर होतं. मी हात लावलेला नव्हता.

पाणी पिऊन परत येऊन बसलो.